चाळीस घरं, एक गालिचा

४ सप्टेंबर १९९६, बुधवार

नोकरी लागली! गरिबी मोजायची.

नारीन शहरात आम्हाला तीन दिवस शिकवलं आणि आज सोडलं. वीस बायका, चार पुरुष, सगळे मोडलेल्या सरकारी सामूहिक फार्मांवरचे जुने हिशेबनीस. परदेशी प्रकल्प आहे. आपल्याकडे चांगले खातेपिते लोक पाच वर्षांत गरीब कसे झाले, हे त्यांना शोधून काढायचंय. गावातली चाळीस घरं गाठायची, घराला एक फॉर्म, फॉर्मला एकतीस प्रश्न. त्यावरून यादी होणार. यादीत नाव आलं तर मार्चपर्यंत दर महिन्याला एक पोतं पीठ आणि कोळसा. नाही आलं तर नाही.

शिकवणारा मार्लेन नावाचा मुलगा. बापानं मार्क्स आणि लेनिन जोडून नाव ठेवलेलं दिसतंय. आता तो बाजारभाव शिकवतो. पण गोड आहे. मला 'बुरुल एजे, बुरुल एजे' करतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. तीन नियम घोकून घेतले त्यानं. एक, डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. दोन, मोजणाऱ्यानं स्वतःचं घर मोजायचं नाही. तीन, एक जरी फॉर्म खोटा निघाला तर आख्खं गाव बाद.

पहिल्या नियमाला मला हसूच आलं. एकोणीस वर्षं फार्मवर मी नेमकं उलटं केलं. जे दिसायचं नाही, तेच लिहिलं!

पगार काम संपल्यावर. नवऱ्याला सांगितलं. सतार म्हणाला, "गरिबीचं कारण शोधायला पगार देतात? मला विचारायचं, मी फुकटात सांगितलं असतं."

५ सप्टेंबर

प्रश्न सत्तावीस — 'आपल्या मते आपल्या गरिबीचे मुख्य कारण कोणते? एकच निवडा.' खाली चौकोन. आळस. दारू. आजारपण. मुलं जास्त. कौशल्याचा अभाव. इतर.

एक फॉर्म जादाचा होता. सराव म्हणून आमच्याच घराचा भरून बघितला.

आळस? सतार वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं मेकॅनिक. आता वर्कशॉपला कुलूप आहे, तरी रोज सकाळी जातो आणि कुलूप बघून येतो. दारू? परवडत नाही. आजारपण? गेल्या हिवाळ्यात त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. पूर्वी फुकट व्हायचं. आता सुई, दोरा, पट्ट्या, भुलीचं औषध, सगळं आपण न्यायचं. डॉक्टर तेवढा त्यांचा. त्यात गाय गेली. मुलं जास्त? एकच. रशियात बांधकामावर आहे, मार्चपासून पत्र नाही. कौशल्य? जिल्ह्यातला कुठलाही ट्रॅक्टर आणा, सतार डोळे मिटून उघडतो.

बचत केली नाही, असाही चौकोन असायला हवा होता. आम्ही केली! मोटारीसाठी बारा वर्षं साठवत होतो. नोटा बदलल्या तेव्हा त्या पैशांत बुटांचा एक जोड आला असता. घ्यावा की न घ्यावा म्हणत आम्ही विचार करत बसलो. तेवढ्यात एकाच बुटाचे पैसे राहिले.

शेवटी 'इतर'वर खूण केली. मग फॉर्म चुलीत घातला. कागद चांगला आहे, छान पेटला. चहा झाला.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिलं घर उलकान आपाचं. आमच्याच गल्लीत, तिसरं. चाळीस वर्षं फार्मच्या गाई पिळल्या तिनं, दोन पदकं आहेत. नवरा वारला. लेक आणि सून बिश्केकच्या बाजारात माल विकायला म्हणून गेली ती तिकडेच. तीन नातवंडं हिच्या गळ्यात. फार्म मोडला तेव्हा वाटणीत हिला सात मेंढ्या आल्या होत्या, त्यातल्या तीन उरल्या होत्या.

'होत्या' लिहिलं, कारण आज दोन आहेत.

काल मी मुद्दाम जाऊन सांगून आले होते. "आपा, मी पाहुणी म्हणून येत नाहीये. काही म्हणजे काही शिजवू नकोस. काल काय खाल्लं, आज काय खाल्लं, ते फॉर्मवर लिहायचंय. पिठाची यादी त्याच्यावरून होणार." मान डोलावून म्हणाली, "बरं बरं. कळलं की."

आज गेले तर फाटकातच चरबीचा वास! मेंढी कापलेली. दस्तरखान पसरलेलं, तळलेले पिठाचे बोर्सोक, लोणी, मधोमध मांसाचं ताट. मला भिंतीकडच्या मानाच्या जागी बसवलं.

"आपा, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. आता खा."

"अगं, मी कामाला आलेय!"

"मग? कामाला आलेल्या माणसाला तोंड नसतं?"

खाल्लं. काय करणार? वाढलेलं सोडून उठले असते तर तिनं जन्मभर बोलून दाखवलं असतं. आणि खरं सांगायचं तर हात थांबला नाही.

नियम म्हणजे नियम. लिहिलं — मांस: होय. लोणी: होय. गालिचा: एक, मोठा, लाल. हिच्याकडे गालिचा कधी होता? विचारलं नाही. सत्ताविसाव्या प्रश्नाला म्हणाली, "लिही, मेंढीच्या अंगावर लोकर आहे आणि ती घेणारं कुणी नाही. पूर्वी ट्रक यायचा. आता मी उशा भरते. किती उशा भरू?" याला चौकोन नाही. इतर.

एकतिसावा प्रश्न — 'आपल्या मते गावात सर्वांत गरीब कोण?' तिनं माझ्या वाडग्यात चहा ओतला. "असं कुणाचं नाव घेऊ नये, पोरी." लिहिलं: माहीत नाही.

निघताना पाहुण्याचा वाटा फडक्यात बांधून दिला. तोही नाकारता येत नाही. सतारला वाढलं तर म्हणाला, "तू खा, मी बाहेर खाल्लंय." दिवसभर तो कुठेही गेला नव्हता. ताट त्याच्यापुढे ठेवून मी अंगणात गेले. परत आले तेव्हा रिकामं होतं.

९ सप्टेंबर

दोन घरं झाली. चार घरांत मिळून एक ट्रॅक्टर आला होता वाटणीत, त्यातली दोन. कुणी कुणाला न विचारता चालवू नये म्हणून चौघांनी एकेक चाक घरी नेलंय. ट्रॅक्टर शेतात पोटावर बसलाय. गरिबीचं कारण विचारलं तर दोघांनीही तेच सांगितलं — बाकीचे तिघं.

आम्ही हसायचं कारण नाही. आम्हाला वाटणीच्या चिठ्ठीत नुसता गिअरबॉक्स आला. सतार दर रविवारी पुसतो.

दोन्ही घरी मांस. दोन्ही घरी लाल गालिचा. दोन्ही घरी मी आदल्या दिवशी बजावून आले होते. "हो हो, कळलं की."

१० सप्टेंबर

आज घर नाही झालं. चहा. धूर मात्र वेळेवर काढला. चूल पेटली नाही तर गल्ली विचारायला येते. गाय गेली, पण तिच्या गोवऱ्या अजून आहेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तोक्तोसून. फार्मचा जुना अध्यक्ष, आता गिरणीचा आणि दोन ट्रकांचा मालक. वाटणीच्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या टोपीत होत्या. त्याची त्यानं खिशातून काढली. तिथे शंभर माणसं होती, सगळ्यांनी बघितलं, कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तर नावं लिहून घेत होते.

त्याच्याकडे चहा, बिस्किटं आणि भाषण.

"आळस! आळसावर खूण कर, बुरुल. लोकांना कष्ट नकोत. मी बघ, पहाटे पाचला उठतो."

"पाचला उठून काय करता?"

"गिरणीवर जातो. कोणी पीठ चोरत नाहीये ना, बघायला."

एकतिसाव्या प्रश्नाला म्हणाला, "सगळेच!" लिहिलं: माहीत नाही.

आतापर्यंत मांस न वाढणारं हे एकच घर. सगळ्यात श्रीमंत घर फॉर्मवर सगळ्यात गरीब दिसतंय. स्वतःचे तीन गालिचे आहेत म्हणून, नाहीतर यादीत बसला असता!

१७ सप्टेंबर

खात्री पटली. गालिचा एकच आहे.

पहिल्या घरी वाटलं, असेल. तिसऱ्या घरी वाटलं, एकाच दुकानातले असतील. आज अकराव्या घरी चहाचं वाडगं ठेवायला वाकले आणि डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग दिसला. तो डाग माझा आहे! अध्यक्षांच्या खोलीत दौत सांडली होती माझ्या हातून. मालाच्या वहीत नंबर एकशे बारा, 'गालिचा, लाल, डागासह'. माझंच अक्षर. वाटणीत तो बसचा ड्रायव्हर मुकाश याला आला होता.

बाहेर पडले तर मुकाशच समोरून, खांद्यावर गालिच्याची गुंडाळी. मागच्या दारानं काढून निघाला होता.

"काय रे, कुठे?"

"झटकायला नेतोय."

"कुणाकडे?"

"तू आता कुणाकडे जात्येस?"

मला आमच्या फार्मच्या मेंढ्या आठवल्या. तपासणीवाले यायचे तेव्हा एकच कळप टेकडीमागून फिरवून आणायचो, तीनदा मोजून घ्यायचो. वहीत बारा हजार, टेकडीवर चार. त्या वर्षी मला मानपत्र मिळालं. आता तेच माझ्यावर उलटलंय! फरक इतकाच, तेव्हा मला माहीत असायचं आणि मी खोटं लिहायचे. आता मी दिसेल ते खरं खरं लिहितेय आणि आकडा तसाच खोटा येतोय.

खोडावं का? शपथ घेतलीय. दिसलं ते लिहायचं. गालिचा दिसला. मांस दिसलं, माझ्या पोटात आहे.

२० सप्टेंबर

शाळेतल्या बाईंना सात महिन्यांच्या पगाराऐवजी साठ बल्ब मिळाले. वीज आठवड्यातून तीन दिवस. मांस कुठून आणलं असेल देव जाणे. मी गेले तेव्हा घरातले बल्ब दोनच. विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या घरचा म्हातारा म्हणाला, "कारण पाणी. शेताला पाणी नाही."

"पाणी का नाही?"

"पाइप नाही."

"पाइप कुठे गेला?"

"विकला. भंगारवाला सीमेपलीकडे नेतो."

"कशासाठी विकलात?"

"पीठ घ्यायला."

आता यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला? एकच निवडायचंय. म्हाताऱ्याची बायको तेवढ्यात कलेजी घेऊन आली. इतर.

२४ सप्टेंबर

आज डोकंच फिरलं माझं. अठरावं घर, तिथे कोंबडी. घरात एकच कोंबडी होती, अंडी देणारी! मी ताटावरून उठले आणि ओरडले. "तुम्हाला कळतं का, तुम्ही पीठ गमावताय? एका ताटासाठी हिवाळा घालवताय?" घरधनीण हात पुसत उभी राहिली. "कळतं की. तंगडी घे."

आल्यावर सतारजवळ सगळं ओकले. हेच आहे आपल्या गरिबीचं कारण. फार्म मोडला म्हणून नाही, नोटा बदलल्या म्हणून नाही, तोक्तोसूनच्या खिशामुळे नाही. दिखावा! पाहुणा आला की घर विकायचं. असल्या लोकांना कुठला बाजार आणि कुठला समाजवाद, कशानंच काही होणार नाही. परदेशातून माणसं कशाला हवीत, मीच लिहून देते.

सतार ऐकत होता. म्हणाला, "मोठ्यानं बोलू नको, पलीकडे ऐकू जातं." मग म्हणाला, "काय आणलंयस?" तंगडी आणली होती.

३ ऑक्टोबर

स्कर्टचा हूक लागत नाही. उन्हाळ्यात मी दोरीनं आवळून बांधत होते. सतारच्याही तोंडावर रक्त दिसतंय, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. गरिबी मोजून आमच्या अंगाला मूठभर मांस चढलं! लाज वाटते. भूकही लागते. दोन्ही एकदम.

६ ऑक्टोबर

रविवार. घर नाही. चहा, धूर.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

चाळीस झाली. एकोणचाळीस घरी मांस, एका घरी भाषण. सत्ताविसाव्याला बहुतेक सगळीकडे 'इतर', एकतिसाव्याला चाळीस वेळा 'माहीत नाही'. गठ्ठा बांधून नारीनच्या गाडीत दिला.

उलकान आपाकडे सहज डोकावले. मोठा नातू घरी, धाकटा शाळेत. उद्या उलट. बूट एकच जोड आहे. गोठ्यात दुसरी मेंढीही दिसली नाही. "विकलीस?" म्हटलं. "तसंच समज," म्हणाली. चहा पी म्हणून मागे लागली, थांबले नाही. तिच्या बरणीत पिठाचा तळ दिसत होता.

ही बाई यादीत नसली तर काय उपयोग त्या यादीचा!

१८ ऑक्टोबर

मार्लेन आला. गाडीतून उतरताच हात पुढे. "अभिनंदन, एजे! तुमचं गाव जिल्ह्यात सगळ्यात सुखी!"

यादीत आमच्या गावचं नाव नाही. एकही. एकोणचाळीस घरांत मांस, एकोणचाळीस घरांत मोठा लाल गालिचा. नारीनच्या साहेबांना फार कौतुक वाटलं म्हणे. तुमच्या गावानं बदल कसा पचवला, यावर त्यांना वेगळा अहवाल लिहायचाय.

मी अंगणातल्या बाकावर बसले. हसू येत होतं आणि रडूही. डोळ्यांसमोर ती पिठाची बरणी. गप्प बसले असते तर पगार हातात पडणार होता, त्यानं पाकीट आणलंच होतं. खिशातून कोपरा दिसत होता.

सांगून टाकलं. "गालिचा एक आहे. नंबर एकशे बारा. डाव्या कोपऱ्यात शाई."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे फॉर्म खोटे?"

"फॉर्म खरे आहेत. दिसलं ते लिहिलं. दिसत होतं तेच खोटं होतं."

"एजे, हे मी वर कसं सांगू?"

"तू स्वतः येऊन बघ. मला बरोबर घेऊ नकोस."

"तोवर तुमचा पगार अडकेल. कदाचित मिळणारही नाही."

"अडकू दे," म्हटलं. बोलून गेले खरी. तो पाकीट घेऊन गेला तेव्हा गाडी वळेपर्यंत मी बघत होते. गाडीकडे नाही, खिशाकडे.

१९ ऑक्टोबर

संध्याकाळी सतार गिअरबॉक्स पुसायला बसला, आज रविवार नसताना. तिथूनच म्हणाला, "बरं केलंस." एवढंच.

२७ ऑक्टोबर

चहा. चार दिवस झाले. स्कर्टचा हूक लागला.

२ नोव्हेंबर, शनिवार

बर्फ पडला. मार्लेनचा निरोप आला — उद्यापासून दोन दिवस तो स्वतः घरोघर फिरणार. आणि आणखी एक. सगळीकडूनच पैसे कमी आलेत, प्रकल्पही गरीब झालाय. आता गावाला एकच घर. एकच! म्हणून बाकीचे तीस प्रश्न राहू देत, तो फक्त शेवटचा विचारणार — सर्वांत गरीब कोण? ज्याचं नाव जास्त, त्याला पीठ.

मी लगेच बाहेर पडले. बर्फातून चाळीस घरं हिंडले, दारातूनच बोलले, आत पाऊल टाकलं नाही म्हणजे कुणी काही वाढायला नको. "उद्या विचारतील तेव्हा लाजू नका. उलकान आपाचं नाव सांगा. तीन पोरं आहेत, बुटांचा जोड एकच आहे. सगळ्यांनी एकच नाव घेतलं तरच होईल."

सगळ्यांनी मान डोलावली. "हो हो. सांगू की."

शेवटी आपाकडे. "तुला कुणाचंही नाव घ्यायचं नाही. तू नुसती गप्प बस. बाकीचं आम्ही बघतो."

"बरं बरं," म्हणाली. "कळलं की."

४ नोव्हेंबर

मार्लेन जाताना आमच्याकडे टेकला. त्याला द्यायला चहा होता. साखर संपलीय म्हणाले, ते खरंच होतं.

"एजे, तुमचे फॉर्म वाचून मी दोन दिवस डबासुद्धा आणला नाही! म्हटलं, एवढं मांस खाणारं गाव आहे. चाळीस घरं फिरलो. चहा आणि पावाचा तुकडा. दोन घरांत तुकडाही पोरांच्या हातातून काढून दिला. गालिचा तर कुठे दिसलाच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या गावात शहरातून पाहुणा येतो आणि उपाशी जातो? असं कधी झालं नाही. नाव कुणाचं आलं ते विचारलं, तर नियम आहे म्हणाला, सांगता येत नाही. माझ्याकडे बघतही नव्हता.

तो गेल्यावर तडक आपाकडे गेले. "त्याला का नाही वाढलंत? मी आले तेव्हा मेंढी कापलीस!"

ती लोकर पिंजत होती. "त्याचे गाल बघितलेस का?" म्हणाली.

त्याच्या गालांचा काय संबंध? वय झालंय आपाचं.

१० नोव्हेंबर

यादी नाही. चहा. सतार वर्कशॉपचं कुलूप बघायला गेला तो दारापासून परत आला, चालवत नाही म्हणाला. धूर काढला.

१५ नोव्हेंबर

आपाला मिळालं पाहिजे. दुसरं काही मागत नाही. पगार नको, मानपत्र नको. आयुष्यात एकदा तरी माझ्या हातून एक आकडा खरा लागू दे!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

यादी आली. गावातून एक नाव.

माझं.

शेजारी मार्लेनचं अक्षर — चाळीसपैकी चाळीस. तोक्तोसूननंसुद्धा! उलकान आपानंसुद्धा! मोजणाऱ्यानं स्वतःचं घर मोजायचं नाही असा नियम आहे, गावानं मोजायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही म्हणे.

आपाकडे भांडायला गेले. "कळलं म्हणाली होतीस ना! तुला तीन पोरं आहेत!" ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उन्हाळाभर तुझ्या चुलीतून धूर निघायचा पोरी, पण वास कसलाच यायचा नाही. पाहुणी म्हणून बसवली नसती, तर जेवली असतीस?"

तिथेच, तिच्या दारात, पोरांसमोर रडले.

पोतं गुरुवारी येतंय. सतार चाळीस घरांना जेवायला सांगून आला. लाल गालिचा दुपारीच येऊन पडलाय.